सातव्या इनिंगची कोरी चौकट

या सदराला आलेलं एक पत्र थोडक्यात असं आहे. सिएटलच्या उपनगरात राहणारे हे वाचक २००१ साली नोकरीसाठी तिथे गेले. वय चोवीस, ओळखीचं कुणी नाही, खोलीवर टीव्ही नाही. रूममेटच्या रेडिओवर बेसबॉल लागायचा. तो ऐकता ऐकता ते सिएटल मरिनर्सचे झाले, ते आजतागायत. मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगच्या, तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेपर्यंत, एकदाही न पोचलेला हा एकमेव संघ. २० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री तो पोचता पोचता राहिला. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा, निर्णायक सामना टोरंटोत चालू होता. मरिनर्स ३-१ असे पुढे होते. आणखी आठ आउट मिळाले असते की झालं. तेवढ्यात टोरंटोच्या ब्लू जेज संघाच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन (चेंडू थेट कुंपणापार) मारला आणि सामना ४-३ असा गेला. वाचक एक शब्द न बोलता उठले, बेडरूममध्ये जाऊन दार लावून बसले. अकरा वर्षांची मुलगी टीव्हीसमोर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोप्या, जर्सी, झेंडा सगळं खोक्यात भरून गराजमध्ये टाकलं. घरात बेसबॉलचा विषय बंद. पत्नी म्हणते, "सुटलो एकदाचे." लॉस एंजेलिसचा मित्र म्हणतो, "डॉजर्सचा हो, रडणं थांबेल." जानेवारीत आवराआवर करताना मुलीचं स्कोअरबुक हाती लागलं. त्या सामन्याचं पान सातव्या इनिंगपर्यंत नीट भरलेलं होतं. स्प्रिंगरची चौकट कोरी, पुढे काहीच नाही. आता नवा हंगाम तोंडावर आलाय आणि मुलीने विचारलंय, "बाबा, या वर्षी आपण मरिनर्सचे आहोत ना?" त्यांना उत्तर देता आलेलं नाही. ते विचारतात: चोवीस वर्षं वाया गेली, आता तरी हे व्यसन सोडावं का? निदान मुलीला यातून वाचवावं का?

नमस्कार,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली दोन पानं सातव्या इनिंगवर आहेत. पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून बझार्डोच्या हाती चेंडू का दिला, दुसऱ्या पिचरला, मुन्योसला, बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागी, का बसवून ठेवलं, तुम्ही मॅनेजर असता तर काय केलं असतं. मी ते सगळं वाचलं. त्यावर माझं मत सांगणार नाही, कारण ते घेऊन तुम्ही आणखी एक हिवाळा काढाल.

मला पत्रात अडलं ते एक बारीकसं सर्वनाम. तुम्ही सगळीकडे 'आम्ही' लिहिलंय. आम्ही पुढे होतो, आम्ही हरलो, आमचं आयुष्य वाया गेलं. या 'आम्ही'त कोण कोण आहे हे शोधायला मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं. मरिनर्सचा जुना खेळाडू इचिरो आहे, आताचा कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) कॅल रॉली आहे, २००१ मधला तुमचा रूममेटसुद्धा आहे. बायको नाही, मुलगी नाही. मुलीचा प्रश्न मात्र 'आपण'ने सुरू होतो. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत हे आपलं भाग्य म्हणायचं. 'आम्ही' म्हटलं की समोरचा माणूस बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. तुमची मुलगी गेली काही वर्षं स्वतःला आत धरून चाललीय. त्या रात्री दार लागलं तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की बाबांच्या हिशेबात ती बाहेर आहे. स्प्रिंगरच्या होम रनइतकाच, कदाचित त्याहूनही जास्त, तो आवाज तिच्या लक्षात राहिला असेल, असं मला वाटतं. मी चुकत असेन. विचारून बघा.

आता 'वाया' या शब्दाकडे येऊ, कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे.

तुम्ही धरून चालला आहात की चाहता असणं ही एक गुंतवणूक, आणि तिचा परतावा ऑक्टोबरात मिळतो. मिळाला नाही तर भांडवल बुडालं. हा हिशेब लावला तर जगातला जवळजवळ प्रत्येक बेसबॉल चाहता दिवाळखोर ठरेल. संघ तीस, विजेता एक. सगळे अगदी तोलामोलाचे असले तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीस वर्षांतून एकदा. प्रत्यक्षात बॉस्टनच्या रेड सॉक्सना १९१८ नंतर थेट २००४ उजाडलं. शिकागो कब्जना १९०८ नंतर २०१६. मधल्या १०८ वर्षांत कित्येक माणसं जन्मली, दर उन्हाळ्यात रिग्ली फील्डच्या बाकांवर बसली आणि काही न बघता गेली. कब्ज शेवटी जिंकले तेव्हा लोक खडू घेऊन मैदानाच्या विटांच्या भिंतीशी जमले आणि त्यांनी तिथे आपल्या गेलेल्या आईवडलांची, आजीआजोबांची नावं लिहिली. हात पोचेल तिथवर भिंत नावांनी भरली. त्या नावांतल्या कुणाचा वेळ वाया गेला, असं त्या भिंतीपुढे उभं राहून म्हणायची माझी छाती होणार नाही.

रेडिओवर तुम्ही २००१ मध्ये जो आवाज ऐकत होतात, तो डेव्ह नीहाउस यांचा. १९७७ मध्ये संघ जन्मला तेव्हापासून २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत या माणसाने पाच हजारांहून जास्त सामने सांगितले. त्यातली पहिली चौदा वर्षं अशी की एकाही हंगामात संघाने निम्मे सामने जिंकले नाहीत. १९९१ मध्ये पहिल्यांदा जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त झाले. मरिनर्सची वर्ल्ड सिरीज सांगायची संधी त्यांना कधी मिळाली नाही. तरी त्यांचा पुतळा आज सिएटलच्या मैदानात आहे, समोर माइक आणि स्कोअरबुक घेऊन बसलेला. लोक शेजारी बसून फोटो काढतात. तुम्हीही काढला असेल.

तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुम्हाला परत दाखवते. १० ऑक्टोबरला, म्हणजे त्या रात्रीच्या दहाच दिवस आधी, डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना एरवीच्या नऊऐवजी पंधरा इनिंग चालला. जवळजवळ पाच तास, आणि शेवटी मरिनर्सच्या पोलँकोच्या फटक्यावर तो जिंकला. तुम्ही लिहिलंय, "मुलगी अकराव्या इनिंगला माझ्या खांद्यावर झोपली, पोलँकोच्या फटक्याला मी तिला हलवून उठवलं, आणि आम्ही दोघं सोफ्यावर उड्या मारत होतो." पत्रात याला दीड ओळ, सातव्या इनिंगला दोन पानं. (बरं, इथला 'आम्ही' बघा. एवढ्या एकाच ठिकाणी मुलगी आत आली आहे.) त्याच वर्षी रॉलीने ६० होम रन मारले, आजवर कुठल्याच कॅचरने मारले नाहीत इतके. साठावा मारला त्याच रात्री संघाने २००१ नंतर पहिल्यांदा आपला विभाग जिंकला. उन्हाळ्यात इचिरो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांत, गेला. ही सगळी कमाई तुमचीच, आणि ती कुणी परत मागितलेली नाही. सातवा सामना गेला म्हणून दहा तारखेचा सोफा रद्द होत नाही.

मनाची एक खोड असते, ते अख्खा काळ शेवटच्या क्षणात कोंबून ठेवतं. याच्यावर मला एक औषध माहीत आहे, आणि ते तुमच्या घरात आहे. त्यासाठी जरा माझी गोष्ट सांगते.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहायचो. घरमालकीण ऐंशीच्या पुढची, रेड सॉक्सची. टीव्हीचा आवाज बंद, रेडिओ चालू, मांडीवर स्कोअरबुक आणि कानामागे पेन्सिल. मला बेसबॉल म्हणजे नुसता गोंधळ वाटायचा. तिने मला तो कागदावर शिकवला. प्रत्येक बॅटरची एक ओळ, प्रत्येक इनिंगचा एक रकाना, दोन्ही मिळतात तिथे चौकट, चौकटीत छोटासा हिरा. माणूस पहिल्या बेसवर (धावत गाठायच्या चार टप्प्यांपैकी पहिल्या) पोचला की हिऱ्याची एक बाजू ठळक करायची, पुढे गेला की दुसरी. चारही बाजू झाल्या की हिरा आतून काळा भरायचा, म्हणजे धाव. खेळाडूंना जागेप्रमाणे आकडे: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेसवरचा ३, शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपने उचलून फर्स्ट बेसला फेकला आणि आउट झाला तर '६-३'. बॅट फिरवून स्ट्राइकआउट झाला तर सरळ 'के', नुसता उभा राहून चेंडू बघत बाद झाला तर उलटा 'के'. ते उलटं अक्षर काढताना तिच्या चेहऱ्यावर जी नापसंती यायची ती मी अजून विसरले नाही.

एकदा तिने १९८६ चं पुस्तक काढलं. २५ ऑक्टोबर, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध. हा सामना अमेरिकेत एका चित्रापुरता उरलाय: फर्स्ट बेसवरच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू निघून जातो आणि बॉस्टनच्या हातातली सिरीज निसटते. लोकांनी त्या माणसाला पुढे किती वर्षं छळलं. म्हातारीने दहाव्या इनिंगच्या रकान्यावर पेन्सिल ठेवली आणि खालून वर सरकवत नेली. बकनरची चूक, 'ई-३', ही रकान्यात सगळ्यात शेवटी. तिच्या आधी वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरच्या आवाक्याबाहेर गेलेला चेंडू, आणि बरोबरी तिथेच झालेली. त्याच्या आधी ओळीने तीन सिंगल (एक बेस मिळवून देणारे फटके), तेही दोन आउट असताना आणि बॉस्टन दोन धावांनी पुढे असताना. आणि हा सहावा सामना. सातवा व्हायचा होता, त्यातही बॉस्टन ३-० असे पुढे गेले होते आणि मग हरले. "एका माणसाने हे सगळं केलं होय?" तिने विचारलं. तिच्या नवऱ्याला, दिराला, अख्ख्या शहराला फक्त बकनर आठवत होता, तिच्याकडे पूर्ण पान होतं. अर्थात दुःख तिलाही झालं होतं. फक्त ते एका चौकटीत साचून राहिलं नव्हतं.

(बकनर २००८ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या मैदानात पहिला चेंडू टाकायला आला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले आणि तो डोळे पुसत होता. बावीस वर्षं लागली. तुमच्या बझार्डोला इतकी लावू नका.)

२००४ मध्ये रेड सॉक्स जिंकले त्या रात्री आम्ही खाली तिच्याकडे होतो. तिने शेवटचा आउट लिहिला, तारीख घातली, रेडिओ बंद केला. दुसऱ्या दिवशी टोपी घेऊन दफनभूमीत गेली. तिथे आणखी पुष्कळ जण टोप्या आणि झेंडे घेऊन आले होते म्हणे. पुढच्या वसंतात तिने पुन्हा नवं स्कोअरबुक आणलं. मी तेव्हा तरुण होते, विचारलं, "आता तर जिंकलात, अजून कशाला?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला उठले.

आता डॉजर्सचं. तुमच्या मित्राचा सल्ला वाईट हेतूने दिलेला नाही, पण त्यात एक हिशेब चुकतो. २०२५ चे विजेते डॉजर्स त्या हंगामात १६२ पैकी ६९ सामने हरले. म्हणजे जगज्जेत्या संघाचा चाहतासुद्धा सहा महिन्यांत ६९ रात्री हरून झोपला. तुमचा २००१ चा संघ ११६ जिंकला, विक्रमाची बरोबरी केली, आणि तरी ४६ हरलाच, शिवाय पुढे यांकीजपुढे पाच सामन्यांत आटोपला. बेसबॉलमध्ये दहातून तीनदा हिट मारणारा बॅटर उत्तम समजला जातो. हरणं हे या खेळाचं रोजचं जेवण आहे, संघ बदलून ते टळत नाही. आणि तुम्हाला हरवणाऱ्या टोरंटोकडेही एकदा बघा. बारा दिवसांनी, वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगला ते एका धावेने पुढे होते. दोन आउट मिळाले की अजिंक्यपद. तिथे डॉजर्सच्या मिगेल रोहासने होम रन मारला, आणि अकराव्या इनिंगला ते ५-४ असे हरले. त्या रात्री टोरंटोत कोणीतरी बाप न बोलता उठून बेडरूममध्ये गेलाच असेल.

संघ सोडणं हा गुन्हा आहे असं मात्र मी म्हणत नाही. संघच शहर सोडून जातात तेव्हा चाहत्याने का निष्ठा वाहावी? ब्रुकलिनवाल्यांनी कितीतरी वर्षं वाट बघून १९५५ मध्ये एकदाचं अजिंक्यपद पाहिलं, आणि दोनच वर्षांनी डॉजर्स लॉस एंजेलिसला निघून गेले. ओकलंडच्या लोकांनी २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या संघाला निरोप दिला. सिएटलला तर हे आणखी चांगलं माहीत. १९६९ मध्ये पायलट्स नावाचा संघ एक हंगाम खेळला आणि मिलवॉकीला गेला, २००८ मध्ये बास्केटबॉलचे सॉनिक्स ओक्लाहोमा सिटीला. तुमचा संघ हरतो, पण आहे तिथे आहे. सोडायचाच असेल तर खुशाल सोडा, फक्त हरला म्हणून सोडताय हे स्वतःशी कबूल करून सोडा. मला विचाराल तर तुम्ही सोडू शकणार नाही. सोडलेला माणूस चार महिन्यांनी बुलपेनवर दोन पानं लिहीत नाही.

'व्यसन' हा शब्द तुम्ही दोनदा वापरलाय, म्हणून एक सरळ प्रश्न. सामन्यांवर पैसे लावता का? हरल्यावर दारू वाढते का? झोप, भूक, कामावरचं लक्ष आठवडेच्या आठवडे उडालंय का? यातल्या कशालाही 'हो' असेल तर हे पत्र माझ्याऐवजी डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि अजून नेता येईल. हे सदर वाचणाऱ्या प्रत्येक चाहत्याला, आणि त्याच्या घरच्यांनाही, हाच प्रश्न आहे. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. दिसतो तो साधा शोक, आणि त्याची वाटणारी लाज. "एवढा मोठा बाप्या आणि चेंडूफळीपायी रडतो," असं तुम्ही स्वतःला म्हणताय. चोवीस वर्षं ज्याच्याशी रोज संध्याकाळी गाठ पडली त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आलं, यात लाजण्यासारखं काय आहे ते मला तरी कळलं नाही.

पण पत्नीचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उडवलंत, ते मला पटलं नाही. "तिला खेळातलं कळत नाही." कळायची गरज नाही, तिला घड्याळ कळतं. पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आल्यापासून सामने आटोपशीर झाले हे खरं, तरी एक सामना अडीच तासांच्या वरच. गुणिले १६२. चारशेच्या वर तास होतात, आणि प्लेऑफ वेगळे. एप्रिल ते सप्टेंबर दर संध्याकाळी घरातला एक माणूस शरीराने हजर आणि मनाने टकोम्याच्या खालच्या संघातून वर बोलावलेल्या पिचरपाशी. 'सुटलो' हा तिचा शब्द तुम्हाला लागला. मला त्यात थकवा ऐकू आला. तिच्याकडून चार तक्रारी नीट ऐकून घ्या, मध्ये स्पष्टीकरण न देता. मग घासाघीस करा. आठवड्यातले दोन किंवा तीन सामने पडद्यावर, तेही आधी ठरवून. बाकीचे भांडी घासताना, गाडी चालवताना रेडिओवर. जेवताना फोन पालथा. रेडिओने तुमचं काही बिघडणार नाही, तुमचं सगळं सुरूच तिथून झालं. हे फक्त तुमच्यासाठी नाही. अशी पत्रं मला बायकांकडूनही येतात, आणि त्यातल्या बहुतेकींना खेळाचा राग नसतो. कुठल्या रात्री नवरा आपला आणि कुठल्या रात्री नाही हे आधी कळावं, एवढंच त्यांना हवं असतं.

हरल्यावर काय करायचं याचाही एक रिवाज घरात असू द्या. प्रत्येकाचा वेगळा असतो. कुणी चालायला जातं, कुणी कुत्र्याला फिरवतं. माझी एवढीच अट आहे की उठून जाण्यापूर्वी एक वाक्य बोलायचं. "मला फार वाईट वाटतंय, वीस मिनिटांनी येतो." आणि वीस मिनिटांनी यायचं. त्या वीस मिनिटांत फोनवर कुठल्याही खेळाडूच्या खात्यावर जाऊन काही लिहायचं नाही. समोरच्या टोकाला बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा असतो आणि त्यालाही त्या रात्री झोप येणार नसते.

मुलीला यातून वाचवावं का? कशापासून? हरण्यापासून वाचवता येत नाही. शाळेत, मैत्रीत, पुढे कामात ते भेटणारच, आणि तिथे कुणी पुढच्या एप्रिलची तारीख छापून देत नाही. अकराव्या वर्षी ज्या मुलीने साठ होम रनांचा हंगाम चौकट चौकट उतरवून काढला, तिला खेळाने दुखावलं म्हणून खेळापासून लांब ठेवायचं, तर तिला एवढंच कळेल की जिव्हाळा महाग पडला की तो खोक्यात भरून गराजमध्ये ठेवायचा असतो. तिला तुमची साथ कमी पडली. ती देता येण्यासारखी आहे, आणि फुकट आहे.

तिला सॉरी म्हणा. लांबण लावू नका. "त्या रात्री मी तुला एकटं सोडून गेलो, चुकलं माझं." ती कदाचित खांदे उडवेल आणि "इट्स ओके" म्हणेल. ते खरं मानू नका, पण ताणूही नका. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या, आणि ते 'हो' असेल तर खोकं तिच्याबरोबर उघडा, एकट्याने नको. तिला यंदा नको असेल, तर तेही चालेल. एखाद्या वर्षी ती नुसती रॉलीची असेल, संघाची नसेल. मुलं असंच करतात आणि त्यांचं बरोबर असतं.

मेजर लीगचा पहिला सामना अंगावर येईल असं वाटलं तर एव्हरेटला ॲक्वासॉक्स किंवा टकोमाला रेनिअर्स बघायला जा. दोन्ही मरिनर्सचेच खालचे संघ. तिथे निकालाला नखं नसतात, मैदान लहान, मुलं कुंपणाला नाक लावून उभी, आणि ज्यांची नावं दोन वर्षांनी तुम्ही रेडिओवर ऐकणार आहात ते पोरगेलेसे पिचर चक्क चुकताना दिसतात. तिला पेन्सिल न्यायला सांगा.

आणि ते पान. ते तुम्ही तिच्या नकळत परत जागेवर ठेवलंत असं लिहिलंय. आता सांगून काढा. तिची हरकत नसेल तर त्या सामन्याची नोंद शोधा, शेजारी बसा आणि उरलेलं भरायचं का विचारा. पेन्सिल तिच्या हातात, तुम्ही फक्त वाचून दाखवायचं. स्प्रिंगरच्या चौकटीतला हिरा चारही बाजूंनी ठळक आणि आतून काळा भरावा लागेल. तिच्या आधीच्या चौकटीही पुन्हा बघाल: एक वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळालेला बेस), एक सिंगल, एक बंट (चेंडू हळूच ढकलून बेसवरच्यांना पुढे नेणं), मग तो. वॉक आणि सिंगलवाले ते दोघे आधीच बेसवर होते. त्यांच्या हिऱ्यांच्या उरलेल्या बाजूही तेव्हाच ओढायच्या. मग पान उलटून मरिनर्सची बाजू घ्या. पहिल्या इनिंगला एक धाव, तिसरीत हुलिओ रॉड्रिगेझचा होम रन, पाचवीत रॉलीचा, आणि त्यानंतर एकही हिरा काळा नाही. नवव्या इनिंगची शेवटची चौकट हुलिओची. ती विचारेल कुठला 'के', सरळ की उलटा. सरळ. त्याने बॅट फिरवली होती.